वाचणारा बदलला तेव्हा

१९७१ च्या नोव्हेंबरात केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची पहिली मार्गदर्शिका काढली. आज्ञेच्या पानावर तिच्यातले दोष सांगणारा 'बग्ज' हा रकानाही असे. वाचणारा आपल्यासारखाच शहाणा आहे आणि उरलेलं तो जुळवून घेईल, हे त्यात गृहीत होतं. पुढची पन्नासेक वर्षं सॉफ्टवेअरची माहितीपत्रकं याच भरवशावर लिहिली गेली. २०२४ ची अखेर ते २०२६ ची सुरुवात या सव्वा वर्षात तो भरवसा ढळला, कारण वाचणारा बदलला: माणसाच्या जोडीला भाषा-मॉडेलही वाचू लागलं.

सुरुवात साधीच होती. सप्टेंबर २०२४ मध्ये जेरेमी हॉवर्ड यांनी संकेतस्थळांवर भाषा-मॉडेलांसाठी वेगळी, आटोपशीर फाइल ठेवायची कल्पना मांडली. नोव्हेंबरात मॉडेलला बाहेरच्या साधनांशी जोडणारा अँथ्रॉपिकचा 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' आला. २०२५ मध्ये कोडिंग एजंट, म्हणजे स्वतः कोड लिहून चालवणारी मॉडेलं, सर्रास वापरात आले आणि प्रकल्पाच्या मूळ फोल्डरात त्यांच्यासाठीच्या सूचनांच्या 'क्लॉड डॉट एमडी', 'एजंट्स डॉट एमडी' अशा फाइली दिसू लागल्या. पण एजंटला कसं सांगावं याचं खरं शिक्षण मला यातल्या कशातून मिळालं नाही. ते मिळालं एका छोट्या साधनाच्या कागदपत्रांतून: प्रोग्रामर स्टीव्ह यग्गी यांचं 'बीड्स'.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ते जाहीर झालं. यग्गींचे एजंट कामाचे आराखडे मार्कडाउन फाइलींत लिहीत. अशा सहाशेच्या आसपास फाइली साचल्या. कुठली चालू, कुठली बाद, ते कुणालाच कळेना. एजंटचं सत्र संपलं की आठवणही संपते आणि नवा एजंट नवा आराखडा मांडतो. त्यावर उपाय म्हणून बीड्सने कामांची नोंदवही कोडसोबत, गिटमध्येच ठेवली. कुठलं काम कशामुळे अडलंय हे तीत नोंदलेलं असतं. 'बीडी' ही बीड्सची आज्ञा; 'बीडी रेडी' म्हटलं की न अडलेली, लगेच हाती घेता येतील अशी कामं समोर येतात. एक काम करताना दुसरा दोष सापडला तर तो 'यातून सापडलं' असा धागा जोडून नोंदवायचा. एरवी असे दोष एजंट पाहतो, क्षणभर उल्लेख करतो आणि विसरतो.

साधन लहान, सूचना मात्र वाचण्यासारख्या. 'बीडी एडिट' एजंटने वापरू नये, कारण त्याने मजकूर-संपादक (एडिटर) उघडतो आणि एजंट तिथे अडकून बसतो. प्राधान्य शून्य ते चार या आकड्यांतच द्यावं. 'हाय', 'मीडियम', 'लो' नको. सत्र संपवण्याच्या विधीला 'विमान उतरवणं' असं नाव आहे आणि बदल गिटमध्ये पुश झाल्याशिवाय, म्हणजे सर्व्हरवर पोचल्याशिवाय, विमान उतरलं असं धरायचं नाही. 'तुम्ही म्हणाल तेव्हा पुश करतो' असं एजंटने म्हणायचं नाही, हेसुद्धा तिथे बजावलेलं आहे! माणसासाठीच्या पुस्तिकेत इतकं बारीक कुणी लिहीत नाही. असं प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी वाया गेलेल्या संध्याकाळीतून आलेलं असणार, असा माझा अंदाज. जुना 'बग्ज' रकाना साधनाचे दोष सांगत होता; हा नवा मजकूर वाचणाऱ्याचे दोष सांगतो.

दुसरा धडा लांबीचा. एजंटला दिलेली प्रत्येक ओळ त्याच्या मर्यादित संदर्भात, म्हणजे एका वेळी त्याच्यासमोर राहू शकणाऱ्या मजकुरात, जागा खाते आणि ही किंमत दर सत्राला नव्याने मोजावी लागते. म्हणून सगळी पुस्तिका आधीच समोर ठेवण्याऐवजी 'बीडी प्राइम' ही आज्ञा सत्राच्या सुरुवातीला कामापुरता मजकूर देते. खोलात जायचं तर '--हेल्प' आहेच. सगळं एकदम सांगून टाकायची आपली लेखकांची खोड इथे महागात पडते.

यग्गींची सर्वांत धीट चाल मात्र लिहिण्यातली नव्हतीच. बीड्समध्ये अस्तित्वातच नसलेले आज्ञांचे पर्याय एजंट बिनदिक्कत वापरून पाहत. तेव्हा 'असं करू नका' अशी ओळ वाढवण्याऐवजी त्यांनी ते पर्याय खरेच बनवले. बागेत लोक चालून पायवाट पडते तिथेच फरशी घालावी, तसं. एजंटचे जवळपास सगळे अंदाज बरोबर ठरेपर्यंत हे चाललं, असं त्यांनीच पुढे लिहिलंय. सूचना लिहिणाऱ्याला याहून मोठा टोला नाही: चांगलं साधन असेल तर त्याची निम्मी पुस्तिका लागतच नाही.

याची किंमत माणसाने मोजली. आज्ञांची संख्या शंभरापलीकडे गेली आणि नवख्या माणसाला त्या जंगलात शिरायचं धाडस होत नाही. एजंटसाठीच्या फाइलींत 'काय करा' ठसठशीत असतं, 'का' पुसट होतं. डिसेंबर २०२५ मध्ये 'एजंट्स डॉट एमडी' लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालच्या नव्या संस्थेकडे गेलं, म्हणजे या लेखनप्रकाराला घर मिळालं. पण 'का' गाळून चालत नाही: नियमामागचं कारण एका वाक्यात लिहिलं तर एजंटही तो नियम अधिक नीट पाळतो, असा माझा अनुभव आहे. 'संपादक उघडतो म्हणून वापरू नका' हे नुसत्या 'वापरू नका'पेक्षा जास्त टिकतं. दुसरं कुठलं साधन असाच संपादक उघडू लागलं, तर तिथेही ते उपयोगी पडतं.