दुरून डोंगर साजरे: कॉफीच्या मळ्यातले दुसरे घर

शहरातल्या माणसाला जंगलातल्या घराची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. पण ते घर पाहुण्यांना भाड्याने देऊन कमाई करायची असेल, तर साठवलेली पुंजी घालण्यापूर्वी हिशेब मांडायला हवा.

बंगळुरूहून पाच-सहा तासांवर कोडगू, सकलेशपूर आणि चिक्कमगळुरू. शनिवार-रविवारी शहरातली नोकरदार कुटुंबे तिकडे धाव घेतात. कॉफीचे मळे, धुके आणि घरगुती जेवण मिळाले की मन भरून येते. परतीच्या वाटेवर पती-पत्नींत हमखास विषय निघतो: ‘आपणही इथे एक घर घ्यावे का? एरवी पाहुणे राहतील, सुट्टीत आपण राहू.’

हिशेब काय सांगतो?

मानू या, जमीन आणि बांधकाम मिळून 60 लाख रुपये गुंतवले. दोन खोल्या, प्रत्येकीचे भाडे रात्रीला 2,500 रुपये. शनिवार-रविवार आणि सणासुदीच्या सुट्ट्या धरून प्रत्येक खोली वर्षाला 100 रात्री भरली, तर उत्पन्न 5 लाख. राखणदाराचा पगार दरमहा 15,000 धरला, तरी वर्षाला 1 लाख 80 हजार होतात. वीज, धुलाई, डागडुजी आणि दलाली यांना 1 लाख 20 हजार जातील. हाती उरतात 2 लाख. बँकेच्या मुदत ठेवीवर 6 टक्के व्याज धरले, तर तेवढ्याच रकमेवर घरबसल्या 3 लाख 60 हजार मिळतात. जमिनीचा भाव वाढेल हे खरे, पण तो पैसा घर विकल्यावरच दिसतो. शिवाय जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुसळधार पाऊस असतो. त्या दिवसांत पाहुणे कमी आणि गळती-बुरशीचा खर्च मात्र जास्त.

कागद आधी, कौले नंतर

शेतकरी नसलेल्यांना कर्नाटकात शेतजमीन घेण्यावर पूर्वी निर्बंध होते. 2020 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ते उठले. मात्र शेतजमिनीवर बांधकाम करण्यापूर्वी ती बिगरशेती करून घ्यावी लागते. कोडगूत ‘जम्मा बाणे’ नावाची पिढीजात जमीन आहे. तिच्यावर घराण्यातील अनेकांचा सामाईक हक्क असतो. एकाने सही केली म्हणून व्यवहार पक्का होत नाही. तेव्हा जमिनीचा उतारा, बोजाचा दाखला आणि वारसांची संमती स्थानिक वकिलाकडून तपासून घ्यावी.

‘होमस्टे’ म्हणजे यजमानाच्या कुटुंबासोबतचा मुक्काम. केंद्र सरकारच्या अशा योजनेत मालकाने तिथेच राहावे, अशी अट आहे. मालक बंगळुरूत आणि घर राखणदाराच्या भरवशावर, हा प्रकार त्यात बसत नाही. पर्यटन खात्याकडे नोंदणी करणे आणि परदेशी पाहुण्यांची माहिती 24 तासांत कळवणे हीदेखील यजमानाची जबाबदारी आहे.

डोंगराचेही ऐकावे

ऑगस्ट 2018 मध्ये कोडगूत अतिवृष्टीने दरडी कोसळल्या, घरे गाडली गेली. काही काळ पर्यटकांना जिल्ह्यात बंदी होती. घरे आणि रस्त्यांसाठी कापलेले उतार हेही या आपत्तीचे एक कारण ठरले. म्हणून दरीचे दृश्य दिसते तेवढ्यावर भाळून उतारावरची जागा घेऊ नये. हत्तींची वाट, पाण्याचा स्रोत आणि पावसाळ्यात रस्ता चालू राहतो की नाही, याची चौकशी गावकऱ्यांकडे करावी. महाराष्ट्रातही महाबळेश्वर-पाचगणीला 2001 मध्ये आणि माथेरानला 2003 मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घोषित केल्यापासून तिथल्या बांधकामांवर बंधने आहेत.

मग करावे काय?

घाई करू नये. भर पावसाळ्यात त्या गावी आठवडाभर राहून पाहावे. शक्य असल्यास आधी एखादे घर वर्षभर भाड्याने घ्यावे. तिथल्याच एखाद्या कुटुंबाशी लेखी करार करून भागीदारी केली, तर पाहुण्यांना यजमान मिळतो आणि गावालाही रोजगार मिळतो. मुलांच्या शिक्षणाचा, लग्नाचा किंवा म्हातारपणाचा पैसा यात घालू नये, राहते घर तारण ठेवून कर्जही काढू नये.

पती-पत्नीपैकी एकाला तिथे मुक्काम करणे खरोखर आवडत असेल आणि पाहुण्यांची सरबराई करण्याचा कंटाळा नसेल, तर हा व्यवसाय आनंदाचा ठरू शकतो. नाहीतर वर्षातून दोनदा दुसऱ्याच्या अंगणात बसून कॉफी प्यावी. ती स्वस्तही पडते आणि झोपही शांत लागते.