मांजराचें मुकें दुखणें



वऱ्हाडांत ज्वारी-तुरीचीं पोतीं भरलेल्या घरांतून मांजर हें पूर्वीं राखणदार म्हणून असे. आज अकोटसारख्या गांवीं धान्याच्या कोठ्या कमी झाल्या, आणि तेंच मांजर ओसरीवरून दिवाणखान्यांत आलें. त्याचे लाड करणारीं माणसें पुष्कळ आहेत. त्याचें दुखणें ओळखणारीं थोडीं. कुत्रें दुखलें-खुपलें तर कण्हतें. मांजर मुकाट्यानें कोपरा धरतें. तें शिकारी असलें, तरी मोठ्या श्वापदांचें भक्ष्यही आहे. म्हणून अशक्तपणा लपविणें हा त्याचा स्वभावच झाला आहे. यास्तव बदललेली संवय हीच त्याची तक्रार समजावी.

पहिली खूण अन्नाची. उपवास आपणांस मानवतो, मांजरास मानवत नाहीं. पुरा एक दिवस तें जेवलें नाहीं, तर पशुवैद्यास विचारावें. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलें कीं शरीरांतील चरबी यकृतांत सांचूं लागते आणि हिरड्या पिवळ्या पडूं लागतात.

दुसरी खूण लघवीची. बोका पुनःपुन्हां बसतो, ओरडतो, पण थेंबभरही लघवी होत नाहीं. घरचीं माणसें बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजतात! वस्तुतः मूत्रमार्ग खड्यांनीं किंवा चिकट द्रव्यानें बंद झालेला असतो. उपाय न झाल्यास एक-दोन दिवसांत बोका दगावतो. येथें दिवस नव्हे, तास मोजावयाचे असतात.

तिसरी खूण श्वासाची. निजलेल्या मांजराची छाती मिनिटास साधारणतः २० ते ३० वेळां वरखालीं होते. ती ४० च्या वर जाऊं लागली, किंवा मांजर तोंड उघडून धापा टाकूं लागलें, तर तें संकट समजावें. आपल्याकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो. उन्हानें धापणाऱ्या मांजरास सावलींत न्यावें, अंग साध्या पाण्यानें भिजवून पंख्याखालीं ठेवावें आणि मग वैद्याकडे न्यावें. बर्फ लावूं नये.

पिल्लांची गोष्ट निराळी. वांती, जुलाब, आणि पाण्याच्या वाटीपाशीं मान टाकून बसणें, पण न पिणें, हीं एका घातक सांथीच्या रोगाचीं लक्षणें असूं शकतात. त्यावर लस आहे. पिल्लूं साधारण आठ आठवड्यांचें होतांच ती सुरू करून वैद्य सांगेल त्याप्रमाणें पुन्हां टोंचावी.

कपाशीच्या मुलखांत विषाचेंही भय असतें. फवारणीचें औषध केंसांस लागलें कीं मांजर तें चाटतें. मग लाळ गळते, अंग थरथरतें. तसेंच, ताप वाटला म्हणून घरांतील पॅरासिटामॉलची गोळी कदापि देऊं नये. आपला ताप उतरविणारी एक गोळीही मांजराचा प्राण घेऊं शकते.

दुखणाइत मांजर टॉवेलांत गुंडाळून उचलावें. चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवून त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. मांजरापासूनही रेबीज होतो.

अकोल्यास स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. अकोटाहून अकोला सुमारें ४५ किलोमीटर. हें अंतर फार नाहीं. वेळ दवडला जातो तो वाटेंत नव्हे, तर घरींच, “उद्यां पाहूं” म्हणण्यांत. रोज सकाळीं मांजराची वाटी, त्याची लघवीची जागा आणि त्याचा श्वास यांवर क्षणभर नजर टाकावी. मुक्या जीवाची विचारपूस ती हीच.