गाव म्हातारं होतंय, हिशेब आताच मांडा

परवा सोलापुरात नवी पेठेत सत्तरी ओलांडलेले एक आजोबा भेटले. नातवाला कपडे घ्यायला आले होते. ज्वारीचं विचारलं, तर म्हणाले, "साहेब, पोरं पुण्याला. ज्वारी उपटायला मजूर मिळंना आन् माझी कंबर वाकंना. औंदा निम्मं रान पडीक ठेवलं."

ही एका घरची गोष्ट नाही. १९६१ साली देशात शंभरातली साधारण साडेपाच माणसं साठीच्या पुढची होती. २०११ च्या जनगणनेत हा आकडा ८.६ झाला, आपल्या महाराष्ट्रात ९.९, तर केरळात १२.६. कारणं दोन: आयुष्य वाढलं आणि मुलं कमी झाली. त्यात तरणी पोरं शहराकडे गेली, की गावात मागे राहतात म्हातारी माणसंच.

बाहेर काय झालं पाहा. फ्रान्समध्ये पासष्टीपुढच्यांचं प्रमाण शेकडा ७ वरून १४ व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागली. जपानमध्ये जेमतेम पंचवीस. आज जपानात शंभरातले २९ जण पासष्टीपुढचे आहेत. २०२० मध्ये तिथल्या मुख्य शेतकऱ्यांचं सरासरी वय ६७.८ वर्षे भरलं. पण त्यांच्या हाताशी छोटी यंत्रं आणि पेन्शन आहे. आपल्या शेतकऱ्याला म्हातारपणी आधार जमिनीचा आणि पोरांचा.

म्हणून हातपाय चालतात तोवर तीन कामं करा.

१) मुलांच्या नावे जमीन बक्षीसपत्राने करणार असाल, तर सांभाळ करण्याची अट कागदात लिहून घ्या. सांभाळ झाला नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रांताधिकाऱ्यांकडे दाद मागून ते रद्द करून घेता येतं. तोंडी शब्दावर विसंबू नका.

२) वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल, तर श्रावणबाळ योजनेसाठी तहसीलला अर्ज करा. २०२३ मध्ये ही रक्कम दरमहा १५०० रुपये झाली.

३) काढणी-मळणीची यंत्रं गटाने घ्या. एकट्याला परवडत नाहीत.

ग्रामसेवक आणि तलाठी भाऊसाहेबांनाही विनंती: घरात एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी करून येत्या ग्रामसभेत वाचा. किती जणांचे अर्ज कागदाअभावी अडलेत, ते तिथंच कळेल.

आज त्यांचा नंबर आहे, उद्या आपला.