‘मोबाईल दिसतो, मग खड्डा कसा दिसत नाही?’

दौंड तालुक्यातल्या उसाच्या गावांत शेतीची लाईट रात्रीची आली की घरातलं कोणीतरी बॅटरी घेऊन दारं धरायला निघतं. अशा वेळी काहीतरी निमित्त काढून मागे राहणारा एखादा तरुण असतो. अंधारात पायाखालचा बांध त्याला दिसत नाही, पण हे तो बोलत नाही. बिबट्याचं कारण अलीकडे सगळ्यांना पटतं, तेच तो पुढे करतो. घरच्यांच्या लेखी तो कामचुकार. सकाळी तोच पारावर बसून मोबाईल वाचताना दिसला की लोकांची खात्रीच पटते.

रेटिनायटिस पिगमेंटोसा हा आजार बहुतेकदा असाच सुरू होतो. ज्यांना तो आहे ते त्याला नुसतं ‘आरपी’ म्हणतात. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी उजेड टिपतात. अंधुक उजेडात कामाला येतात त्या दंडपेशी. भर उजेडात रंग, अक्षरं, चेहरे ओळखायला लागतात त्या शंकुपेशी. आरपीत दंडपेशी आधी मरतात. म्हणून पहिल्यांदा रात्रीचं दिसणं जातं, मग कडेची नजर आत आत सरकत येते आणि मधोमधचा तुकडा पुष्कळ वर्षं टिकतो. बोअरच्या पाइपातून पाहावं तसं. त्या तुकड्यात मोबाईल मावतो; पायाजवळचा खड्डा, डावीकडून आलेली मोटारसायकल, समोरच्यानं पुढे केलेला हात मावत नाही. उतारवयात पडद्याचा मधला भाग, म्हणजे मॅक्युला, झिजतो तेव्हा गोष्ट उलटी होते. आजी अंगणातून न धडपडता चालते, पण समोर उभ्या व्याह्यांना ओळखत नाही. मग ‘म्हातारीला गर्व झालाय’ असं बोललं जातं.

‘नाटक करतो’ हा आरोप या आजारात सगळ्यांत जास्त लागतो. त्याला कायद्यानंच उत्तर दिलेलं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी असेल, किंवा नजरेचा आवाका १० अंशांहून कमी उरला असेल, तर ती व्यक्ती अंध. आवाका ४० अंशांखाली उतरला की अल्पदृष्टी. म्हणजे डॉक्टरांच्या तक्त्यावरची बारीक ओळ वाचणारा माणूसही कायद्यानं अंध असू शकतो. लोकलच्या दिव्यांग डब्यात हातात पांढरी काठी आणि डोळ्यांपुढे मोबाईल धरलेला माणूस दिसला, तर तो फसवत असेलच असं नाही. पण हे डब्यात प्रत्येकाला समजावत बसायचं त्रासाचं असतं, आणि पुष्कळ जण त्या त्रासापायी काठीच बॅगेत ठेवतात. मग धडपडतात.

उपचारांबद्दलचे गैरसमज पटकन सांगून टाकतो. गाजर आणि पालेभाजीनं सुधारतो तो कुपोषणामुळे आलेला रातांधळेपणा. आरपी जनुकांतून येतो. स्टारगार्ट नावाच्या, तरुणपणी मॅक्युला झिजवणाऱ्या आजारात तर ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या अपाय करू शकतात. नेत्रदानातून बसवता येतं ते बुबुळावरचं पारदर्शक पटल, मागचा पडदा नव्हे. आरपीच्या रुग्णाला मोतीबिंदूही होतो आणि त्याचं ऑपरेशन केल्यानं थोडं उजळतंही. पडदा मात्र आहे तसाच राहतो. अमेरिकेत २०१७ च्या डिसेंबरात जनुकीय उपचाराला मान्यता मिळाली, पण तो फक्त आरपीई६५ या एका जनुकातल्या दोषासाठी, आणि दोन्ही डोळ्यांची सुरुवातीची किंमत होती साडेआठ लाख डॉलर. म्हातारपणच्या मॅक्युलाच्या आजारात ‘ओला’ प्रकार असेल तर डोळ्यातल्या इंजेक्शनांनी नजर वाचू शकते, तिथे उशीर करू नये.

‘आमच्या घराण्यात कुणालाच नाही, मग याला कुठून?’ हा प्रश्न बहुतेक घरांत आईच्या दिशेनं जातो. आरपीच्या बऱ्याच प्रकारांत दोष आई आणि वडील दोघांकडून एकेक यावा लागतो. दोघंही स्वतः धडधाकट असतात, आणि प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या आपल्याकडच्या रीतीत असे दोन सारखे दोष एकत्र येण्याचा संभव वाढतो. काही प्रकारांत तो एकट्या आईकडून किंवा एकट्या वडिलांकडूनही येतो. सुनेला बोल लावून यातलं काहीच बदलत नाही.

‘हे माझ्याच वाट्याला का?’ या प्रश्नाला आकड्यांचं एक उत्तर आहे. जगात साधारण ४००० माणसांमागे एकाला आरपी असतो. २०११ च्या जनगणनेत दौंड तालुक्याची लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या आसपास होती, शिरूरचीही जवळपास तेवढीच. जगाचं प्रमाण इथे लावलं तर एकेका तालुक्यात शंभराच्या आसपास माणसं निघावीत. ती एकमेकांना माहीत नसतात, कारण प्रत्येक जण लपवतो. आपल्या तालुक्याला अंधांसाठीच्या कामाची परंपरा आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल शिकवलं, त्याला शतकाहून अधिक काळ लोटला. पण थोडं दिसतं, दरवर्षी थोडं कमी दिसतं, अशा माणसाला आपण नक्की कुठल्या रांगेत उभं राहायचं तेच कळत नाही.

मुख्य गैरसमज इथून पुढे आहे, आणि तो असाच आजार असलेल्यांना भेटण्याबद्दलचा आहे. ‘तसल्या माणसांत बसलं की पोरगं अजून खचेल’ असं घरचे प्रेमानंच म्हणतात. यात थोडं तथ्य आहे आणि ते नाकारू नये. ज्याला अजून मोटारसायकल चालवता येते त्याला काठी घेतलेल्या माणसाशेजारी बसवलं की पोटात गोळा येतो. आपलं पुढचं वय समोर बसल्यासारखं वाटतं. म्हणून पहिली गाठ आपल्यापेक्षा एखाद-दोन पावलं पुढे असलेल्या माणसाशी पडलेली बरी, दहा पावलं पुढच्याशी नको. आणि ती फोनवरही पडू शकते.

पण खचवतं ते काय? गाडी सोडायची वेळ घ्या. डॉक्टरांनी सांगितलं तर माणूस डॉक्टर बदलतो. बायकोनं सांगितलं तर भांडण होतं. ज्यानं स्वतः गाडीची किल्ली घरच्यांच्या हातात दिली आहे, तो फोनवर एवढंच विचारतो, ‘शेवटचा कधी आपटलास?’ आणि त्याला खरं उत्तर मिळतं. पहिल्यांदाच. तिथे पुरावा द्यावा लागत नाही, पाइपाचं उदाहरण द्यावं लागत नाही. माझ्या मते अशा सोबतीचा खरा उपयोग हाच आहे. धीर वगैरे त्यानंतर येतो.

नुसती माहिती पुरत नाही, याचा एक चांगला अभ्यास आहे. अमेरिकेत सॅन दिएगोला मॅक्युलाच्या आजारानं नजर कमी झालेल्या २३१ वयस्कर रुग्णांचे तीन भाग केले. एका भागानं सहा आठवडे गटात बसून अडचणी मांडल्या आणि त्यांवर एकमेकांत उपाय शोधले. दुसऱ्यानं तेवढीच आरोग्यविषयक भाषणं टेपवर ऐकली. तिसरा वाट पाहत राहिला. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आले: मनाचा ताण आणि रोजचे व्यवहार, दोन्हींत पहिला गट पुढे, आणि जे आधीच खचलेले होते त्यांना फायदा जास्त. त्या गटाला वाट दाखवणारा जाणकार होता, हेही ध्यानात ठेवावं.

‘एकदा मान्य केलं की संपलं’ हाही भ्रमच. ही नजर हप्त्यांनी जाते. सायकल सुटते तेव्हा एकदा, गाडी सुटते तेव्हा पुन्हा, पेपर वाचता येईनासा होतो तेव्हा आणखी एकदा तेच दुःख नव्यानं उभं राहतं. तीन वर्षांपूर्वी सावरलेला माणूस आज पुन्हा अंथरुणात तोंड लपवून पडला तर तो कमकुवत ठरत नाही. अशा वेळी महाबळेश्वरच्या सनराइज कँडल्सच्या भावेश भाटियांचा दाखला हटकून दिला जातो. मॅक्युलाच्या आजारानं ऐन तारुण्यात त्यांची नजर गेली आणि आज त्यांच्याकडे कितीतरी अंध कारागीर काम करतात, हे खरं आहे. पण पडलेल्या माणसाला शिखर दाखवून तो उठेलच असं नाही. त्या गोष्टीतला कामाचा तुकडा वेगळाच आहे: मेणबत्त्या करायला ते मुंबईच्या राष्ट्रीय अंध संघात शिकले, अंधांच्याच संगतीत.

आणखी एक गोष्ट घरात कुणी बोलत नाही. नजर बरीच गेलेल्या काहींना नसलेली माणसं, नक्षी, पक्षी, बांधकामं दिसतात. देवऋषी गाठला जातो, नाहीतर ‘वेड लागलं’ या धास्तीनं म्हातारा माणूस गप्प बसतो. १७६० मध्ये चार्ल्स बोने या स्विस निसर्गशास्त्रज्ञानं आपल्या आजोबांचे असे भास लिहून ठेवले. आज त्याच्याच नावानं हा प्रकार ओळखला जातो. डोळ्यांकडून येणारे संदेश आटले की मेंदू स्वतःच चित्रं तयार करतो. चित्रं मुकी असतात, आणि ती खरी नाहीत हे पाहणाऱ्याला सहसा कळतं. अशाच रुग्णांच्या गटात कुणी एकानं हे सांगितलं की दुसराही ‘मलाही दिसतात’ म्हणतो. आवाजही ऐकू येत असतील किंवा माणूस गोंधळत असेल तर मात्र डॉक्टरांकडे जावं.

दौंड रेल्वेचं गाव, त्यामुळे ‘नजर गेली की नोकरी गेली’ ही भीती इथे घरोघरची. २०१६ च्या कायद्याचं कलम २० सांगतं, नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही की त्याचा हुद्दा कमी करता येत नाही. तेच वेतन ठेवून दुसरं काम द्यावं लागतं. गाड्यांच्या सुरक्षेशी संबंध असलेल्या जागेवर नजर लपवून राहणं मात्र इतरांच्या जिवाशी खेळ आहे, आणि हे जुन्या डीकॅटेगराईज झालेल्या, म्हणजे तब्येतीमुळे दुसऱ्या कामावर घेतलेल्या, सहकाऱ्यानं सांगितलेलं जास्त पटतं. युडीआयडी कार्डाचे, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचे, कागद कुठे अडतात, तेही त्यालाच ठाऊक.

गट म्हणजे दवाखाना नव्हे. गटातच ‘स्टेम सेलनं पूर्ण बरं होतं’ असले निरोप फिरतात. आपल्याकडच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे असे प्रयोग रीतसर चाचणीतच करता येतात, आणि चाचणीत भाग घ्यायला रुग्णाकडून पैसे मागितले की तिथूनच उठावं. नैराश्यावरचा इलाजही गट नव्हे. नजर कमी करणाऱ्या आजारांचे अनेक अभ्यास एकत्र मांडले तर साधारण चार रुग्णांत एकाला ते आढळतं. झोप उडाली, जगणं नकोसं वाटू लागलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

पहिला माणूस शोधायचा तर पडद्याच्या डॉक्टरांना सरळ सांगावं, ‘माझ्यासारख्या कुणाची हरकत नसेल तर माझा नंबर त्याला द्या.’ पुण्यात हडपसरजवळचं देसाई नेत्र रुग्णालय पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन चालवते. रेटिना इंडिया ही संस्था पडद्याच्या आजारांच्या रुग्णांसाठीच आहे. तिथे विचारता येईल. आणि पुण्यात बैठक बोलावणाऱ्यांना एक विनंती: ती संध्याकाळी सहाला ठेवू नका. आरपीवाल्याला दौंडला उजेडात उतरायचं असतं.