चित्रपट-तबकडीची राखीव प्रत

चित्रपट-तबकडीची राखीव प्रत : विकत घेतलेल्या चित्रपटाच्या प्रकाशीय तबकडीवरील मजकूर दुसऱ्या, लिहिता येण्याजोग्या तबकडीवर उतरवून केलेली आणि घरगुती तबकडीवादकात किंवा गेम कन्सोलमध्ये मूळ तबकडीप्रमाणेच चालणारी प्रत. केवळ संगणकावर पाहण्यापुरती प्रत करणे हे त्यामानाने सोपे काम आहे, कारण संगणकास कोणतीही फाइल उघडणारी आज्ञावली पुरविता येते. वादकाची आज्ञावली मात्र कारखान्यातच बसविलेली असते आणि तबकडी ठरलेल्या साच्यात नसेल, तर तो ती सरळ नाकारतो. हे नाकारणे कधी तबकडीच्या भौतिक गुणधर्मामुळे, कधी फायलींच्या मांडणीमुळे, तर कधी निर्मात्याने हेतुपूर्वक घातलेल्या कुलपामुळे घडते. प्रत करणाऱ्यास ह्या तिन्ही कारणांची जाण असावी लागते.

तबकडीची घडण : डीव्हीडी ही तबकडी नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानात प्रथम विक्रीस आली. तिचा व्यास १२ सेंमी. व जाडी १.२ मिमी. असून ती प्रत्येकी ०.६ मिमी. जाडीच्या पॉलिकार्बोनेटाच्या दोन चकत्या चिकटवून तयार करतात. वाचनासाठी ६५० नॅनोमीटर तरंगलांबीची तांबडी लेसर शलाका वापरतात. लगतच्या वळणांमधील अंतर ०.७४ मायक्रोमीटर, तर सर्वांत लहान खळगा ०.४ मायक्रोमीटर लांबीचा असतो. कारखान्यातील तबकडीवर हे खळगे साच्याने उठविलेले असतात. घरी लिहिता येणाऱ्या तबकडीत असे खळगे नसतात. तिच्यात सेंद्रिय रंजकाचा एक थर असतो आणि लेखनाच्या वेळी लेसरच्या उष्णतेने त्यावर जे डाग पडतात, त्यांनाच वादक खळगे समजतो. छापील एकस्तरी तबकडी ४५ ते ८५ टक्के प्रकाश परावर्तित करते, द्विस्तरी तबकडी १८ ते ३० टक्के. पुनर्लेखनक्षम तबकडीचे परावर्तनही ह्या दुसऱ्या पट्ट्यातच पडत असल्याने अनेक जुने वादक तिला द्विस्तरी समजून नसलेला दुसरा थर शोधीत बसत व अखेर तबकडी बाहेर टाकत. एकदाच लिहिता येणारी तबकडी राखीव प्रतीसाठी अधिक विश्वसनीय मानली जाते, त्याचे हे एक कारण आहे.

मजकुराची मांडणी : डीव्हीडीवरील चित्रपट ‘व्हिडिओ_टीएस’ ह्या एकाच कप्प्यात असतो. चित्र, ध्वनी व उपशीर्षके एकत्र गुंफलेल्या व्हीओबी फायली प्रत्येकी एक गिगाबाइटपेक्षा मोठ्या नसतात. त्यांतील कोणता भाग केव्हा दाखवावयाचा ह्याची सूची आयएफओ फायलींत असते आणि त्या प्रत्येक सूचीची बीयूपी नावाची जोडप्रत तबकडीवर अन्यत्र ठेवलेली असते. चरा पडून सूची वाचेनाशी झाली, तर चित्रपट शाबूत असूनही तो सुरूच होणार नाही, हे ओळखून रचनाकारांनी ही सोय केली. राखीव प्रतीची कल्पना अशा रीतीने तबकडीच्या रचनेतच आहे. प्रत करताना कप्प्याचे नाव, फायलींचा क्रम आणि यूडीएफ ही फाइलपद्धती ह्यांत फरक पडला, तर संगणक चित्रपट दाखवितो. वादक दाखवीत नाही.

व्हीसीडी : डीव्हीडीपूर्वीची १९९३ ची ही पद्धती भारतात दीर्घकाळ टिकली. मराठी चित्रपट व नाटके मोठ्या संख्येने तिच्यावरच घरोघरी पोहोचली. मोझर बेअर ह्या कंपनीने २००७ च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना व डीव्हीडी ३४ रुपयांना विकावयास काढून बाजारभाव एकदम खाली आणले; ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात निघाली. एखाद्या नाटकाचे चित्रण केवळ अशा तबकडीवरच उरले असेल, तर तिची प्रत करणे हे त्या चित्रणाचे जतनच ठरते.

व्हीसीडीला कसलेही कुलूप नसते, परंतु प्रत करण्यास ती डीव्हीडीहून नाजूक असते. सामान्य संगणकीय सीडीवर प्रत्येक खंडात २,०४८ बाइट मजकूर व त्याखेरीज त्रुटिसुधारणेची जादा अंकसंख्या असते. व्हीसीडीत चित्राला अधिक जागा मिळावी म्हणून ही जादा सुधारणा वगळून खंडात २,३२४ बाइट भरलेले असतात. त्यामुळेच ७४ मिनिटांच्या सीडीवर ७४ मिनिटांचे चित्रण मावते. चरा पडलेल्या जागी वादक क्षणभर चौकटी दाखवून पुढे जातो. संगणक मात्र फाइल उतरविताना तेथेच अडकतो. म्हणून अशा तबकडीची फाइल न उतरविता खंडांनुसार संपूर्ण प्रतिमा घेणे श्रेयस्कर. प्लेस्टेशन २ सारखा कन्सोल व्हीसीडी चालवीत नाही. परंतु व्हीसीडीचे ३५२ × २८८ बिंदूंचे एमपेग-१ चित्र डीव्हीडीच्या मानकास मान्य आहे. चित्र सहसा जसेच्या तसे ठेवून फक्त ध्वनीची नमुनावारंवारता ४४.१ वरून ४८ किलोहर्ट्झ केली, की त्याची रीतसर डीव्हीडी बनते.

कूटबद्धता : व्यापारी डीव्हीडीवरील चित्रपट सीएसएस नावाच्या पद्धतीने कूटबद्ध केलेला असतो. प्रत्येक चित्रखंडाची एक शीर्षक-किल्ली असते, ती तबकडी-किल्लीने बंद केलेली असते आणि तबकडी-किल्ली निरनिराळ्या वादक-उत्पादकांना दिलेल्या चारशेहून अधिक किल्ल्यांनी स्वतंत्रपणे बंद करून तबकडीच्या आरंभक्षेत्रात कोरलेली असते. खरी खुबी येथे आहे. साध्या लिहिता येण्याजोग्या तबकडीवर नेमके हेच क्षेत्र कारखान्यात आधीच भरून टाकलेले असते, तेथे ग्राहकाला काही लिहिता येत नाही. साहजिकच मूळ तबकडीचा बाइटनबाइट उतरविला, तरी किल्ल्या मागेच राहतात. तिजोरी नेली, पण किल्ली जुन्या घरातच राहिली, असा हा प्रकार होय. म्हणून चालणारी प्रत करावयाची, तर मजकूर आधी कूटमुक्त करावा लागतो आणि कायद्याचा सारा वाद ह्या पायरीपाशीच उभा राहतो.

सीएसएसची किल्ली केवळ ४० बिटांची होती व तिची घडणही कच्ची होती. ऑक्टोबर १९९९ मध्ये डीसीएसएस ही लहानशी आज्ञावली प्रसृत झाली आणि ही पद्धती निकामी ठरली. त्या प्रकरणी नॉर्वेतील युवक यॉन लेक युहानसेन ह्याच्यावर खटला झाला. स्वतः विकत घेतलेली तबकडी पाहण्यासाठी तिचे कुलूप उघडणे हा गुन्हा नव्हे, असे मानून ऑस्लो येथील न्यायालयाने जानेवारी २००३ मध्ये त्यास निर्दोष ठरविले; अपिलातही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तोच निर्णय कायम झाला.

प्रादेशिक संकेत ही ह्याहून वेगळी अट आहे. डीव्हीडीसाठी जगाचे सहा विभाग केलेले असून भारत पाचव्या विभागात, तर अमेरिकेची संयुक्त संस्थाने पहिल्या विभागात येतात. विभाग जुळला, तरी भारतातील पाल पद्धतीचे चित्र अमेरिकेतील एनटीएससी दूरचित्रवाणी संचावर दिसेलच असे नसे. मुंबई-पुण्याहून तबकड्या नेणाऱ्या अनिवासी कुटुंबांना ह्याचा अनुभव पुष्कळ वेळा आला.

दोन थरांचा प्रश्न : बहुतेक व्यापारी चित्रपट ८.५ गिगाबाइटच्या द्विस्तरी तबकडीवर असतात, तर स्वस्त कोरी तबकडी ४.७ गिगाबाइटची असते. हा मेळ घालण्यासाठी जादा ध्वनिपट्टे व पुरवणी चित्रणे वगळतात किंवा चित्रगुणांकांचे पुन्हा स्थूलीकरण करून आकार घटवितात. ह्या दुसऱ्या उपायात वेगवान हालचालीच्या दृश्यांत चौकटी उमटतात. द्विस्तरी कोरी तबकडी २००४ पासून मिळू लागली. तिच्यावर लिहिताना थर कोठे बदलावयाचा हे ठरवावे लागते : पहिल्या थरावरील मजकूर दुसऱ्यापेक्षा कमी असता कामा नये, आणि बदलाची जागा चित्रपटातील खंडाच्या सीमेवर यावी लागते. ती चुकल्यास अनेक वादक नेमके तेथे थबकतात.

तबकडीवर तिचा प्रकार सांगणारी एक नोंदही असते. अनोळखी प्रकार दिसताच वादक तबकडी वाचण्याचा प्रयत्नच सोडून देतो. डीव्हीडी+आर प्रकारात ही नोंद लेखकयंत्राकडून ‘डीव्हीडी-रॉम’ अशी लिहविता येते व जुना वादक फसतो. डीव्हीडी-आरमध्ये ती कारखान्यातच छापलेली असल्याने बदलता येत नाही.

कन्सोल : प्लेस्टेशन २ (२००० मध्ये जपानात विक्रीस) हा डीव्हीडी चालविणारा कन्सोल अनेक घरांतील पहिला डीव्हीडीवादकही होता. एक्सबॉक्सला (२००१) त्यासाठी वेगळा दूरनियंत्रक संच विकत घ्यावा लागे. गेमक्यूब ८ सेंमी. तबकड्या वापरीत असल्याने व वी कन्सोलमध्ये ती सोयच न दिल्याने ते दोन्ही चित्रपट दाखवीत नसत. प्लेस्टेशन ३ (२००६) पासून ब्ल्यू-रे तबकडी कन्सोलमध्ये आली. ४०५ नॅनोमीटरच्या निळसर-जांभळ्या लेसरमुळे तिच्या एका थरात २५ गिगाबाइट मावतात. तिचे एएसीएस हे कुलूप १२८ बिटांचे असून उघडकीस आलेल्या वादक-किल्ल्या नव्या तबकड्यांवर रद्द करण्याची व्यवस्था त्यात आहे.

कुलपापेक्षा चिवट ठरली ती सिनाव्हिया ही खूण. ती चित्रपटाच्या ध्वनीतच कानास न जाणवेल अशी मिसळलेली असते. मजकूर कूटमुक्त केला, पुन्हा संकोचित केला, तरी ती ध्वनीबरोबर टिकून राहते. वादकास ही खूण ऐकू आली, पण तबकडीवर एएसीएस आढळले नाही, म्हणजे ती प्रत आहे असे तो समजतो व काही मिनिटांनी आवाज बंद करतो. प्लेस्टेशन ३ मध्ये ही तपासणी २००९ मध्ये आज्ञावली अद्ययावत करताना आली. फेब्रुवारी २०१२ पासून ती सर्व नव्या ब्ल्यू-रे वादकांना सक्तीची झाली. घरात बनविलेली प्रत निर्वेध चालू असताना मध्येच मुकी होते, ती बहुधा ह्यामुळे. तबकडी सदोष समजून पुन्हा लिहिण्यात अर्थ नसतो.

कायदा : अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने कुलूप उघडणे व त्याचे साधन विकणे ह्या दोहोंस मनाई केली. ३२१ स्टुडिओज ह्या कंपनीची प्रत करणारी आज्ञावली ह्याच आधारे फेब्रुवारी २००४ मध्ये न्यायालयाने बंद करविली. ग्रंथालये व अभिलेखागारे ह्यांना मात्र बाजारात रास्तपणे न मिळणाऱ्या चित्रपटाच्या खराब होत चाललेल्या तबकडीची प्रत करण्याची सवलत २०२१ मध्ये मिळाली. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ग्राहकास खाजगी प्रतीचा हक्क म्हणून दावा लावता येत नाही, असे ठरविले. ग्रेट ब्रिटनने २०१४ मध्ये दिलेली खाजगी प्रतीची मुभा पुढच्याच वर्षी न्यायालयाने रद्द केली.

भारतीय स्वामित्व हक्क अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये खाजगी वापरासाठी रास्त व्यवहाराची मुभा आहे. २०१२ मध्ये घातलेले कलम ६५-अ तांत्रिक कुलूप मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद करते, परंतु कुलूप मोडण्यामागे हक्कभंगाचा हेतू असला पाहिजे, अशी अट घालते. ही अट अमेरिकन कायद्यापेक्षा अधिक समंजस आहे. तथापि संपूर्ण चित्रपटाची प्रत रास्त व्यवहारात बसते किंवा नाही, हे कलमात स्पष्ट केलेले नाही. प्रत दुसऱ्यास विकणे वा वाटणे सर्वत्र बेकायदेशीर आहे.

टिकाऊपणा : छापील तबकडीही अमर नसते. वॉर्नर ब्रदर्सने २००६ ते २००९ ह्या काळात काढलेल्या काही डीव्हीडी वापराविना बिघडत असल्याचे कंपनीनेच २०२५ मध्ये मान्य केले. घरी लिहिलेल्या तबकडीचा रंजक ऊन, उष्णता व दमट हवा ह्यांनी त्याहून लवकर फिका पडतो. त्रुटिसुधारणेमुळे हा ऱ्हास आरंभी दिसत नाही. सुधारणेची क्षमता संपताच मात्र तबकडी एकाएकी वाचेनाशी होते. म्हणून लेखनानंतर लगेच व पुढे दरवर्षी तबकडीची चाचणी घेतात. लगतच्या आठ त्रुटिसुधारक खंडांत २८० हून अधिक अंतर्गत त्रुटी आढळल्यास नवी प्रत करावी लागते. तबकडीखेरीज तिची संपूर्ण प्रतिमा हार्ड डिस्कवर ठेवणे आता अधिक प्रचलित आहे, कारण साधनेच दुर्मिळ होत आहेत : सॅमसंगने २०१९ मध्ये ब्ल्यू-रे वादकांची निर्मिती सोडली, सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येण्याजोग्या ब्ल्यू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबविले आणि प्लेस्टेशन ५ व एक्सबॉक्सच्या काही आवृत्तींत तबकडी घालण्याची फटच ठेवलेली नाही.