चारशे पन्नासचा धाक

दिवाळीच्या अंकात फटाक्यांची दारू शोभते. बंदुकीच्या दारूचे येथे काय काम, असे एखाद्या वाचकाला वाटेल. पण मी सांगणार आहे ती गोष्ट शिकारीची नव्हे, एका आकड्याची आहे. जुन्या बंदुकांविषयी वाचण्याचा मला नाद आहे. बंदूक मात्र मी जन्मात चालवलेली नाही. त्या वाचनात हा आकडा मला भेटला. हिंदुस्थानवर राज्य करणाऱ्या इंग्रज सरकारने त्याचा असा काही धसका घेतला की, विलायतेतल्या नामांकित बंदूकवाल्यांना आपल्या रायफलींची मापे बदलावी लागली!

आकडा होता ४५०. रायफलीची नळी आतून किती रुंद, हे इंग्रज कारागीर इंचाच्या हजाराव्या भागांत सांगत. एका इंचाचे हजार भाग केले तर त्यांतले साडेचारशे, म्हणजे सुमारे साडेअकरा मिलिमीटर, असे हे माप. १८९८ साली जॉन रिग्बी यांच्या पेढीने या मापाचे एक जबरदस्त काडतूस बाजारात आणले. ‘फोर-फिफ्टी नायट्रो एक्स्प्रेस’ हे त्याचे नाव. गोळी ४८० ग्रेनची, आपल्या हिशेबाने अडीच तोळ्यांहून जास्त. वेग सेकंदाला दोन हजार फुटांहून अधिक. तोवर हत्तीच्या शिकारीला खांदा निखळवणाऱ्या अवजड बंदुका लागत. आता मानाने आटोपशीर दुनळी रायफल तेच काम करू लागली. साहेबलोक आणि संस्थानिक खूष झाले.

पण सरकारच्या कपाळाला आठी पडली, कारण याच मापाची आणखी एक बंदूक सरहद्दीवर वावरत होती. १८७१ साली ब्रिटिश फौजेने मार्टिनी-हेन्री नावाची रायफल स्वीकारली होती. तिची गोळीही ४५० मापाचीच. पुढे १८८८ पासून फौजेत ३०३ मापाची नवी रायफल येऊ लागली आणि मार्टिनी मागे पडली. मात्र चोरी, लुटालूट आणि चोरटा व्यापार यांच्या वाटांनी ती वायव्य सरहद्दीवरच्या पठाणांच्या हाती जाऊन बसली होती. तिकडे सुदानातही सरकारला हीच धास्ती होती. साहेबाच्या शिकारीसाठी म्हणून आलेला माल उद्या साहेबावरच उलटला तर?

गंमत अशी की, रिग्बीचे काडतूस मार्टिनीत जसेच्या तसे बसतच नसे. मार्टिनीचे काडतूस बुडाशी जाड आणि बाटलीसारखे मानेशी निमुळते. रिग्बीचे लांब आणि जवळजवळ सरळ. पण गोळी सुटी करून वापरता येईल, ही शंका उरलीच. तेव्हा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हुकूम निघाला : हिंदुस्थान आणि सुदान येथे ४५० मापाचा माल आणायचा नाही.

मग काय झाले? बंदूकवाल्यांनी धंदा सोडला नाही, माप सोडले. १९०७ च्या सुमारास हॉलंड अँड हॉलंड यांचे ४६५ आले, जोसेफ लँग यांचे ४७० आले, वेस्टली रिचर्ड्‌स यांचे ४७६ आले. ४५० आणि ४६५ यांत फरक तो केवढा? वहीच्या चार कागदांच्या जाडीइतका! वाघाला किंवा गव्याला तो कळण्याची शक्यता नव्हती. सरकारी कागदाला मात्र तो पुरला. पुढे ४७० इतके लोकप्रिय झाले की, या जातीच्या काडतुसांत आजही त्याचे नाव आघाडीवर आहे.

आणि सरहद्दीवर? मस्कतहून शिडाच्या होड्यांतून मकरानच्या किनाऱ्यावर आणि तेथून उंटांच्या पाठीवरून अफगाणिस्तानात बंदुका जातच राहिल्या. ती वाहतूक रोखण्यासाठी पहिल्या महायुद्धाआधीच्या वर्षांत ब्रिटिश आरमाराला इराणच्या आखातात गस्त घालावी लागली. कोहाटजवळच्या दर्रा आदमखेल गावातले कारागीर तर हातच्या अवजारांनी विलायती रायफलींच्या हुबेहूब नकला करीत. त्यांवर राजमुकुटाचा छापही असे. फक्त इंग्रजी अक्षरे कधी उलटी, कधी चुकीची. ज्याला अख्खी मार्टिनी घडवता येते, त्याला शिशाची गोळी ओतायला साहेबाचे काडतूस कशाला हवे?

तरीही हा हुकूम निव्वळ मूर्खपणाचा होता असे मला वाटत नाही. बंदरावर पेटी फोडणाऱ्या कारकुनाची अडचण ध्यानात घ्या. माल मागवणाऱ्याच्या मनात काय आहे हे त्याला वाचता येत नाही; काडतुसाच्या बुडावरचा आकडा वाचता येतो. म्हणून सरकारे आकड्यांवर बंदी घालतात.

खरा प्रश्न विश्वासाचा होता. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून बंदूक बाळगता येत नव्हती. गोऱ्यांना मात्र त्यातून सूट होती. पण ४५० च्या हुकुमाने गोऱ्या शिकाऱ्याच्या पेटीलाही हात घातला. राज्य भ्याले म्हणजे ते आपल्या माणसांनाही सोडत नाही, हा त्यातला अर्थ.

त्याच १९०७ साली कुमाऊंत जिम कॉर्बेट यांनी चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिने ४३६ माणसांचा बळी घेतला होता. या कामगिरीबद्दल लेफ्टनंट गव्हर्नर हेवेटसाहेबांनी त्यांना रिग्बीचीच, पण २७५ मापाची, हलकी रायफल भेट दिली. एकीकडे आकडा वाचून अडवलेली पेटी, दुसरीकडे माणूस पाहून दिलेली बंदूक!

हा आकड्यांचा खेळ इंग्रजांबरोबर गेला नाही. फौजेच्या ३०३ चा माल सामान्य माणसाच्या हाती नको, म्हणून हिंदुस्थानासाठी ३१५ मापाच्या शिकारी रायफली निघाल्या. स्वातंत्र्यानंतर त्या बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात होऊ लागल्या आणि त्यांची काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या, १८६९ पासूनच्या खडकीच्या कारखान्यात. आमच्या एका नातेवाइकांच्या देवघरात असल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी उदबत्ती खोचायला ठेवलेली मी पाहिली आहे. बुडावर ‘केएफ’ ही खडकीची अक्षरे स्पष्ट दिसत.

१९५९ च्या शस्त्र कायद्याने गोऱ्या-काळ्यांचा भेद ठेवला नाही. पण ‘प्रोहिबिटेड बोअर’ हा शब्द परवान्यांवर अजून आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तर वाघाची शिकारच बंद केली, आणि ती बंदी कोणत्याही मापाला लागू आहे. चार कागदांच्या जाडीने तिच्यातून सुटता येत नाही.