मेंढा-लेखाचं जंगल, वैतांगीचा करार आणि सोलापूरची सेटलमेंट

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गोंडांचं छोटं गाव. २००६ चा वनहक्क कायदा आला आणि ग्रामसभेने जंगलावर सामूहिक दावा ठोकला. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर हक्क मिळाला.

खरी झुंज पुढेच होती. कायद्याने बांबू हे गौण वनोपज, म्हणजे गावाचं. पण तो बाहेर विकायला न्यायचा तर तेव्हा वाहतूक पास लागायचा, आणि वनखातं तो काही केल्या देईना. अखेर २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, तेव्हा पासाचं पुस्तक गावचे नेते देवाजी तोफा यांच्या हाती पडलं. एवढ्याशा पुस्तकासाठी केवढा लढा!

न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरींनीही असाच चिवटपणा दाखवला. ब्रिटिश राजसत्तेशी झालेला १८४० चा वैतांगी करार सरकारने मोडला, या तक्रारींसाठी १९७५ मध्ये न्यायाधिकरण नेमलं गेलं. वाटाघाटींनंतर १९९५ मध्ये वैकाटो-ताइनुई जमातीला १७ कोटी न्यूझीलंड डॉलरची भरपाई मिळाली, शिवाय राणी एलिझाबेथच्या मंजुरीने कायद्यातच सरकारची माफी नोंदवली गेली.

सोलापुरात मात्र चित्र वेगळं. इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना इथल्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवलं, हजेरीची सक्ती केली. त्यांना गुन्हेगार ठरवणारा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. जमिनीचा हिशेब मात्र कुणीच मांडला नाही. वनहक्काच्या दाव्याला वहिवाटीचा पुरावा लागतो. याच जमातींपैकी, पिढ्यान्‌पिढ्या पालं ठोकत फिरलेल्या पारध्यांनी तो आणायचा कुठून?